एक चलन, सतरा तिजोऱ्या

2007 साली स्पेनच्या सरकारवरचं कर्ज त्या देशाच्या जीडीपीच्या 36 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि जर्मनीचं 64 टक्क्यांच्या. युरो वापरणाऱ्या या दोन देशांत जपून खर्च करणारा कोण, असं त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर आकड्यांनी स्पेनकडे बोट दाखवलं असतं. पाच वर्षांनी, 2012 च्या जुलैत, स्पेनला दहा वर्षांसाठी पैसे हवे असतील तर बाजार साडेसात टक्के व्याज मागत होता. जर्मनीला तेच पैसे सव्वा टक्क्यात मिळत होते.

मधल्या काळात स्पेनमध्ये घरबांधणीचा फुगा फुटला, बँका बुडीत कर्जांखाली वाकल्या, बेकारी 24 टक्क्यांच्या वर गेली, करवसुली आटली आणि तूट वाढली. हे सगळं खरं आहे. पण ब्रिटनमध्येही बँका कोसळल्या होत्या, ब्रिटनची तूटही जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या घरात गेली होती, आणि तरीही त्याच जुलैत ब्रिटनच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचं व्याज दोन टक्क्यांच्या खाली होतं. दोन्ही देशांचं दुखणं एकाच जातीचं, मग एकालाच सावकार गळ्याशी का लागला?

बेल्जियमचे अर्थतज्ज्ञ पॉल डी ग्राउव यांनी 2011 मध्ये नेमकी हीच तुलना केली आणि तिचं उत्तरही दिलं. ब्रिटनचं कर्ज पौंडात आहे आणि पौंड निर्माण करणारी बँक ऑफ इंग्लंड ब्रिटनचीच आहे. ब्रिटिश रोखा घेणाऱ्याला महागाईची भीती वाटू शकते, पण मुदत भरली की पौंड हातात पडतील याबद्दल शंका नसते. स्पेनचं कर्ज युरोत आहे, आणि युरो निर्माण करणारी बँक फ्रँकफर्टला आहे. तिथे माद्रिदचा हुकूम चालत नाही. म्हणजे स्पेननं स्वतःच्याच चलनात काढलेलं कर्ज व्यवहारात परकीय चलनातल्या कर्जासारखं वागतं. अशा देशाबद्दल बाजारात कुजबुज सुरू झाली की रोखे विकले जातात, व्याज चढतं, चढलेल्या व्याजानं तूट वाढते, आणि वाढलेली तूट बघून उरलेलेही विकायला धावतात. धडधाकट बँकेच्या दारातसुद्धा अफवेनं रांग लागली की ती संध्याकाळपर्यंत तग धरेल याची खात्री नसते, तसंच हे. फक्त इथे बँकेच्या जागी अख्खं सरकार असतं.

बँकांसाठी यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. मध्यवर्ती बँकेनं शेवटचा सावकार म्हणून उभं राहायचं. युरोच्या मध्यवर्ती बँकेला सरकारांच्या बाबतीत हेच करायला बंदी होती, आणि ती बंदी घालणाऱ्यांकडे त्याची कारणंही होती.

1992 मध्ये मास्ट्रिख्टला करार झाला तेव्हा जर्मनी आपला मार्क सोडून देत होता. युद्धानंतरच्या जर्मनीला मार्कचा जेवढा अभिमान होता तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल, आणि दुसऱ्या देशांची उधळपट्टी आपल्या बचतीतून भागवली जाईल ही भीती तिथे घरोघरी होती. म्हणून कराराची रचनाच संशयावर झाली. मध्यवर्ती बँक कोणत्याही सरकारला थेट पैसे देणार नाही. एका देशाचं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येणार नाही. तूट जीडीपीच्या तीन टक्क्यांच्या आत, कर्ज साठ टक्क्यांच्या आत. बँकेचं प्रमुख काम एकच, किमती स्थिर ठेवणं. 1998 मध्ये बँक स्थापन झाली, 1999 मध्ये अकरा देशांनी युरो स्वीकारला, 2001 मध्ये ग्रीस आला, 2002 च्या पहिल्या दिवशी नोटा हातात आल्या. उधळ्या सरकारला कसं रोखायचं याचा विचार करारात भरपूर होता. घाबरलेल्या बाजाराला कसं थोपवायचं यावर त्यात एक ओळही नव्हती.

शिवाय व्याजाचा दर सगळ्यांना एकच. 2003 च्या जूनपासून 2005 च्या डिसेंबरपर्यंत युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर दोन टक्के होता. मरगळलेल्या जर्मनीला तो ठीक होता. स्पेनमध्ये महागाई तीन टक्क्यांच्या वर, म्हणजे कर्ज काढणाऱ्याला खऱ्या हिशेबात उलट पैसे सुटत होते. आयर्लंडचीही तीच गत. अशा वेळी घरं बांधली गेली नसती तरच नवल. स्पेनची स्वतःची मध्यवर्ती बँक असती तर तिनं दर वाढवले असते, पण ती आता फ्रँकफर्टच्या टेबलाभोवतीच्या अनेक खुर्च्यांपैकी एक होती. जर्मन आणि फ्रेंच बँकांचे पैसे दक्षिणेकडे वाहत राहिले. ग्रीसलाही जवळजवळ जर्मनीच्याच दरानं कर्ज मिळत होतं. बाजार शहाणा असतो असं म्हणणाऱ्यांनी ती वर्षं जरूर अभ्यासावीत.

एकच चलन आणि एकच दर असला की असं होणारच, असा याचा अर्थ नाही. महाराष्ट्र आणि बिहार यांची अर्थव्यवस्था कुठे सारखी आहे? तरी रुपया एक आणि रिझर्व्ह बँकेचा दर एक. पण आपल्याकडे आयकर केंद्र गोळा करतं आणि वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना वाटून देतं. त्या वाटपात महाराष्ट्राच्या तोंडाला पानं पुसली जातात ही तक्रार आपण दर पाच वर्षांनी ऐकतो. ती तक्रार म्हणजेच ही यंत्रणा चालू असल्याची खूण आहे. बँक सांगलीची असो की पाटण्याची, ठेवीचा विमा देशभर एकाच महामंडळाचा. कर्ज काढायला राज्यांना केंद्राची परवानगी लागते. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प सभासदांच्या एकूण उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास. चलन एक झालं, तिजोऱ्या वेगळ्याच राहिल्या. 2011 मध्ये एस्टोनिया आल्यावर त्या सतरा झाल्या होत्या.

2009 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीसमध्ये जॉर्ज पापांद्रेऊ यांचं सरकार आलं आणि आधीच्या सरकारनं सांगितलेली तूट खोटी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. खरा आकडा जीडीपीच्या बारा टक्क्यांच्या वर होता, पुढे तो पंधराच्याही वर निघाला. 2010 च्या मे महिन्यात युरो देशांनी आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मिळून ग्रीसला 110 अब्ज युरो कबूल केले. त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेनं पहिली पायरी ओलांडली. सरकारकडून थेट रोखे घ्यायला बंदी होती, पण बाजारात फिरणारे जुने रोखे घ्यायला नव्हती. ही फट वापरून बँकेनं ग्रीस, आयर्लंड आणि पोर्तुगालचे रोखे खरेदी करायला सुरुवात केली, पण अगदी नाइलाजानं. ही खरेदी मर्यादित आहे, तात्पुरती आहे, असं बँक दर वेळी स्वतःच सांगत राहिली. त्यामुळे बाजारातल्या लोकांनी बँकेच्या खरेदीकडे आपले रोखे खपवायची संधी म्हणून बघितलं. जर्मनीच्या बुंडेसबँकेचे प्रमुख आक्सेल वेबर यांनी या खरेदीला उघड विरोध केला आणि 2011 मध्ये पद सोडलं. त्याच वर्षी मध्यवर्ती बँकेच्या कार्यकारी मंडळातल्या युर्गेन श्टार्क यांनीही राजीनामा दिला.

आणि याच काळात, 2011 च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये, अध्यक्ष ज्याँ-क्लोद त्रिशे यांच्या बँकेनं व्याजदर वाढवले. कारण तेल महागलं होतं आणि महागाई दोन टक्क्यांच्या वर गेली होती. नियमाप्रमाणे वागल्याचं समाधान मिळालं असेल, पण घर पेटलेलं असताना पाणीपट्टीची वसुली करावी तसा तो निर्णय होता. त्याचा बचाव करणारे अर्थतज्ज्ञ आज फारसे सापडत नाहीत.

दुसरीकडे बँकेच्या हातात एक वेगळंच हत्यार आलं होतं, आणि त्याबद्दल बोललं जातं त्यापेक्षा जास्त बोलायला हवं. एखाद्या देशातल्या बँकांना कुठूनच पैसे मिळेनासे झाले की त्या देशाची मध्यवर्ती बँक त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर आणीबाणीचं कर्ज देऊ शकते. पण फ्रँकफर्टच्या नियामक मंडळानं दोन तृतीयांश बहुमतानं हरकत घेतली तर ते थांबतं. 2010 च्या 19 नोव्हेंबरला त्रिशे यांनी आयर्लंडचे अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांना पत्र लिहिलं. त्यातला मतलब सरळ होता. मदतीसाठी रीतसर अर्ज करा, काटकसरीचा कार्यक्रम मान्य करा, नाहीतर तुमच्या बँकांचं आणीबाणीचं कर्ज पुढे चालू राहील असं गृहीत धरू नका. दोन दिवसांत आयर्लंडनं अर्ज केला. हे पत्र बँकेनं अधिकृतपणे प्रसिद्ध केलं ते चार वर्षांनी. पुढच्या ऑगस्टमध्ये इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांना असंच एक पत्र गेलं, कामगार कायद्यांपासून निवृत्तिवेतनापर्यंत काय काय बदलायला हवं याची यादी देणारं. त्यावर त्रिशे यांच्यासोबत इटलीच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर मारिओ द्रागी यांची सही होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला द्रागी स्वतःच फ्रँकफर्टला अध्यक्ष झाले.

द्रागींनी पहिल्या दोन बैठकांत त्रिशे यांच्या दोन्ही दरवाढी मागे घेतल्या. मग बँकांना तीन वर्षांच्या मुदतीनं एक टक्क्याच्या आसपास हवे तेवढे पैसे दिले, दोन हप्त्यांत मिळून एक हजार अब्ज युरोंच्या वर. स्पेन आणि इटलीच्या बँकांनी त्या पैशातून आपापल्याच सरकारचे रोखे घेतले. काही महिने शांततेत गेले, पण त्यातून दुखणं आणखी खोल गेलं. सरकार डळमळलं की रोखे पडणार, रोखे पडले की बँका डळमळणार, आणि बँका सावरायला पुन्हा तेच डळमळलेलं सरकार. 2012 च्या जूनमध्ये स्पेनला फक्त बँकांसाठी शंभर अब्ज युरोपर्यंतची मदत मंजूर झाली, आणि ती ऐकून बाजाराला हायसं वाटण्याऐवजी धडकीच भरली.

26 जुलै 2012. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू होणार होतं आणि त्यानिमित्त लँकेस्टर हाउसमध्ये गुंतवणूकदारांची परिषद भरली होती. द्रागींनी तिथे सांगितलं की आपल्या अधिकाराच्या चौकटीत राहून युरो टिकवण्यासाठी जे काही लागेल ते करायला बँक तयार आहे, आणि जे करू ते पुरेसं असेल यावर विश्वास ठेवा. त्या क्षणी बँकेच्या नियामक मंडळानं मंजूर केलेली कोणतीही योजना नव्हती. तरी स्पेन आणि इटलीच्या रोख्यांवरचं व्याज त्याच दिवशी घसरायला लागलं. योजना सहा आठवड्यांनी, 6 सप्टेंबरला आली. एक ते तीन वर्षांच्या मुदतीचे सरकारी रोखे बँक बाजारातून घेईल, आणि किती घेईल यावर आधी मर्यादा सांगणार नाही. मात्र त्या देशानं नव्या युरोपीय स्थैर्य निधीकडून मदत घेऊन त्याच्या अटी मान्य केलेल्या असल्या पाहिजेत.

त्या योजनेतल्या एका बारीक कलमाकडे वर्तमानपत्रांचं फार लक्ष गेलं नाही, पण रोखे बाजारातल्या माणसांनी आधी तेच वाचलं असणार. 2012 च्या मार्चमध्ये ग्रीसच्या कर्जाची फेररचना झाली तेव्हा खासगी गुंतवणूकदारांच्या रोख्यांच्या दर्शनी किमतीतून 53.5 टक्के कापले गेले, आणि मध्यवर्ती बँकेकडचे रोखे आधीच बदलून घेऊन या कापाकापीतून सोडवले गेले होते. त्यातून बाजारानं धडा घेतला की बँक जेवढे रोखे घेईल तेवढं उरलेल्यांचं नुकसान मोठं. म्हणजे तिनं आधार द्यायला जावं आणि लोकांनी आणखी पळावं. नव्या योजनेत म्हणून लिहिलं गेलं की बँकेला इतर रोखेधारकांहून वरचा मान मिळणार नाही, बुडाले तर सगळे सारखेच बुडतील. आश्वासनाला वजन आलं ते असल्या तपशिलानं.

नियामक मंडळात एकच मत विरोधी पडलं, बुंडेसबँकेचे नवे प्रमुख येन्स वाइडमान यांचं. त्यांचं म्हणणं असं, की ही मागच्या दारानं सरकारांना नोटा छापून देण्याची सोय आहे आणि असे निर्णय निवडून आलेल्या संसदांनी घ्यावेत. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रकरण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात गेलं, तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात, आणि 2015 च्या जूनमध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला. तोपर्यंत स्पेनचं दहा वर्षांचं व्याज दोन टक्क्यांच्या आसपास उतरून स्थिरावलं होतं, आणि त्या योजनेखाली खरेदी झाली होती शून्य युरोंची. आजवर एकही रोखा तिच्याखाली घेतलेला नाही. शेवटचा सावकार दारात उभा आहे हे कळलं की रांगच लागत नाही, हे त्यानं सिद्ध केलं. ते दोन वर्षं आधी करता आलं असतं, असं मला वाटतं, आणि त्या दोन वर्षांचं बिल दक्षिण युरोपानं भरलं.

ग्रीसनं सगळ्यात जास्त. तिथली अर्थव्यवस्था संकटात पाव भागानं आकसली, 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांच्या वर गेली. स्वतःचं ड्राख्मा असतं तर अवमूल्यन करून निर्यात आणि पर्यटन स्वस्त करता आलं असतं. युरोत राहून ते साधायचा मार्ग एकच, पगार आणि निवृत्तिवेतन कापणं. 2015 च्या जानेवारीत अलेक्सिस त्सिप्रास यांचं सरकार हे धोरण झुगारायच्या आश्वासनावर निवडून आलं. फेब्रुवारीत मध्यवर्ती बँकेनं ग्रीक सरकारी रोखे नेहमीच्या कर्जासाठी तारण म्हणून घेणं बंद केलं. बँका आणीबाणीच्या कर्जावर आल्या. 28 जूनला, मदतीच्या अटींवर सार्वमत जाहीर झाल्यावर, नियामक मंडळानं त्या कर्जाची कमाल मर्यादा 89 अब्ज युरोंच्या आसपास गोठवली. दुसऱ्या दिवशी ग्रीसमध्ये बँका उघडल्याच नाहीत.

एटीएममधून दिवसाला साठ युरो काढायची परवानगी होती. पण वीसच्या नोटा लवकरच संपल्या, यंत्रात पन्नासच्याच उरल्या, त्यामुळे साठची मर्यादा बऱ्याच ठिकाणी पन्नासवर आली. कित्येक पेन्शनरांकडे कार्डच नव्हतं. त्यांच्यासाठी मधल्या दिवसांत हजारएक शाखा उघडल्या गेल्या, आणि बाहेर पहाटेपासून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्याचे म्हणून 120 युरो मिळाले. 5 जुलैला 61 टक्के मतदारांनी अटींना नकार दिला. आठवड्याभरात त्सिप्रास यांनी आधीच्यापेक्षा फारशा सौम्य नसलेल्या अटी मान्य केल्या, आणि 20 जुलैला बँका उघडल्या. सायप्रसनं हा अनुभव दोन वर्षं आधीच घेतला होता. 2013 च्या मार्चमध्ये संसदेनं ठेवींवरचा कर फेटाळला, दोन दिवसांत फ्रँकफर्टनं आणीबाणीच्या कर्जाला पुढच्या सोमवारची मुदत घातली, आणि त्या सोमवारी पहाटेपर्यंत करार झाला. बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाख युरोंच्या वर ठेव असलेल्यांच्या वरच्या रकमेपैकी 47.5 टक्क्यांचे शेअर झाले. ज्यांनी कधी शेअर बाजाराकडे बघितलंही नव्हतं ते एका रात्रीत बँकेचे मालक झाले!

मध्यवर्ती बँकेचा खुलासा असा, की दिवाळखोर बँकांना कर्ज द्यायला नियमानंच मनाई आहे, आणि सरकारचा मदतीचा करार नसेल तर त्या बँका दिवाळखोर ठरतात. तर्क म्हणून तो टिकतो. पण एखाद्या देशाचं चलन बंद करण्याची ताकद ज्या मंडळाकडे आहे त्याला कोणी निवडून दिलेलं नाही, आणि द्रागींच्या लंडनच्या आश्वासनामागची आणि अथेन्सच्या बंद बँकांमागची ताकद एकच आहे. पहिलीचं कौतुक करताना दुसरीचा विसर पडतो.

त्यानंतरच्या सुधारणा भराभर सांगता येतील. 2014 च्या जूनमध्ये बँकेनं ठेवींचा दर शून्याखाली नेला, म्हणजे बँकांनी पैसे नुसते ठेवले तर उलट दंड. त्याच नोव्हेंबरपासून सव्वाशेच्या आसपास मोठ्या बँकांची देखरेख थेट फ्रँकफर्टकडे आली. 2015 च्या मार्चपासून महिन्याला साठ अब्ज युरोंची रोखे खरेदी सुरू झाली, वेगवेगळ्या देशांचे रोखे ठरलेल्या प्रमाणात, आणि नुकसान झालं तर बहुतेक भार ज्याच्या त्याच्या राष्ट्रीय बँकेवर. जर्मनीला राजी करायची ती किंमत. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा नव्या अध्यक्ष क्रिस्तीन लगार्द 12 मार्चला म्हणाल्या की देशादेशांच्या व्याजातलं अंतर कमी करणं हे आमचं काम नाही, आणि इटलीचे रोखे तिथेच गडगडले. सहा दिवसांनी बँकेनं 750 अब्जांची खरेदी जाहीर केली, या वेळी प्रमाणाचं बंधन सैल ठेवून. जुलैत युरोपीय संघानं तेवढ्याच रकमेचा पुनरुभारणी निधी संयुक्त कर्ज काढून उभारायचं ठरवलं. मास्ट्रिख्टला कोणी हे सुचवलं असतं तर जर्मन प्रतिनिधी उठून गेले असते.

2022 च्या 21 जुलैला बँकेनं अकरा वर्षांत पहिल्यांदा दर वाढवला आणि त्याच दिवशी आणखी एक योजना जाहीर केली. एखाद्या देशाच्या रोख्यांवरचं व्याज त्याच्या परिस्थितीला न शोभेल इतकं चढलं तर बँक ते रोखे घेईल. आधीच्यासारखा मदतीचा करार लागणार नाही. देशानं युरोपीय संघाचे वित्तीय नियम पाळले आहेत का, कर्ज झेपण्याजोगं आहे का, हे बघितलं जाईल, आणि अंतिम निवाडा नियामक मंडळाचा. ही योजनाही अजून वापरावी लागलेली नाही.

राहिलंय ते एक जुनं काम. बँक एका देशाची असली तरी ठेवीचा विमा सगळ्यांचा मिळून असावा, असा प्रस्ताव युरोपीय आयोगानं 2015 च्या नोव्हेंबरमध्ये मांडला. जर्मनीचं म्हणणं, आधी इटलीच्या बँकांनी आपली बुडीत कर्जं निस्तरावीत. इटलीचं म्हणणं, बँकांकडच्या सरकारी रोख्यांवर नवी बंधनं नकोत. प्रस्ताव तिथेच अडकला आहे. त्यामुळे पालेर्मोच्या बँकेतल्या एक लाख युरोंची हमी इटलीचा निधी देतो, हांबुर्गच्या बँकेतल्या एक लाखांची जर्मनीचा.